न वाकणारं बोट आणि जपानचा नारळ

सन १९८६. गिरणी संपाला त्या जानेवारीत चार वर्षं पुरी झाली होती आणि तो संपला असं अजून कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्यातच सव्वीस जानेवारी नेमकी रविवारी आली, म्हणजे एक हक्काची सुट्टी फुकट गेली. काळाचौकीच्या भानजी चाळीतल्या अर्ध्याअधिक पुरुषांना चार वर्षं सुट्टीच होती. तरीही ही एक सुट्टी बुडाल्याबद्दल त्यांनी एवढी हळहळ केली की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचे दिवस ही मंडळी घामाच्या धारांत न्हाऊन निघतात.

बाबुराव तेवढे हळहळले नाहीत. त्यांना वेळच नव्हता. त्यांच्या डोक्यावर जपान बसला होता.

बाबुराव म्हणजे गिरणीतल्या साचेखात्याचे जॉबर, मागांवरचे मुकादम. हाताखाली तीस माणसं होती, त्यामुळे आवाजात जरब आणि चालण्यात तोरा. संप लांबल्यावर त्यांनी तोरा घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि शिवडीच्या एका शेडमध्ये पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर नोकरी धरली. झाकणांना जॉबर कळत नाही. सातव्या महिन्यात प्रेसने बाबुरावांच्या उजव्या हाताची तर्जनी झाकण समजून दाबली.

परळच्या इस्पितळात त्यांना नेलं तेव्हा समोर उभी राहिली डॉक्टर गुणवंती. ही शिवडीच्या कोळीवाड्यातली. तिची आई शेवंता लालबागच्या बाजारात मासळी विकायची. बाबुरावांच्या घरची सुरमई वीस वर्षं शेवंताच्याच पाटीतली. पाटीमागे बसून जमिनीवर खडूने बाराखडी गिरवणारी पोर बाबुरावांना आठवत होती. आता तीच पोर म्हणत होती, "काका, तिकडे बघा. इकडे बघायचं नाही."

बोट वाचलं. पण वाकेना.

"काका, तुटलेलं जोडायला आम्ही शिकलोय," गुणवंतीने सरळ सांगितलं. "आत बोट ओढणारी दोरी असते, ती अशी जुळवायची की बोट पुन्हा वाकेल, हे काम फार नाजूक आहे. जपानात एक म्हातारे सर्जन आहेत, ते शिकवतात. मला वर्षभरासाठी बोलावलंय त्यांनी. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं त्यांचं. तिकडे पोचायचं मात्र आपलं आपण."

"मग अडलंय कुठं?"

"विमानात," गुणवंती म्हणाली. "एप्रिलमध्ये हजर झाले नाही, तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि हो, संध्याकाळी हाताला सूज येते ना? हात उंच ठेवत जा. छातीच्या वर. विसरायचं नाही."

बाबुरावांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. हातही आणि विमानही.

न वाकणाऱ्या तर्जनीने माणसाचं काय होतं, हे ज्याचं बोट वाकतं त्याला कळायचं नाही. बाबुराव वाण्याकडे तूरडाळ मागायला जात आणि वाण्याला वाटे, आपल्या वजनकाट्यावर आरोप चाललाय. बसमध्ये कंडक्टरला पैसे देताना बोट त्याच्या छातीवर रोखलेलं. देव्हाऱ्यासमोर बोटांत बोटं गुंफून हात जोडले की चार बोटं नमस्कारात आणि पाचवं सरळ गणपतीकडे.

"अहो, देवाला नमस्कार करताय की दम देताय?" त्यांची बायको मालन विचारायची. मालनबाई संपापासून खानावळ चालवत होत्या. वीस माणसांच्या चपात्या लाटता लाटता त्या नवऱ्यावर जे बोलत, त्याला मीठमसाला वेगळा लागत नसे.

पण खरं दुखणं वेगळं होतं आणि ते माळ्यावर होतं. तिथे लाल खोळीत बाबुरावांचा पखवाज झोपला होता. चाळीच्या भजनात त्यांची थाप ऐकायला लालबागहून माणसं यायची. आता थाप पडे, पण बोट वर राही आणि बोलच फुटेना. एका एकादशीला त्यांनी पखवाज खोळीत घातला, माळ्यावर ठेवला आणि त्याविषयी कुणी काही बोलायचं नाही, असं न बोलताच सगळ्यांना सांगितलं. मालनबाईसुद्धा त्या एका गोष्टीवर गप्प राहिल्या. यावरून काय ते समजावं.

तर विमान. आधी बाबुराव शेजारच्या खोलीतल्या रामजींना घेऊन फोर्टातल्या धर्मादाय संस्थांकडे गेले. रामजी गिरणीत त्यांच्याच खात्यात होते, संपात युनिव्हर्सिटीच्या वाचनालयात शिपाई म्हणून लागले आणि तिथे आपण शिपाई आहोत हे विसरून सगळी वर्तमानपत्रं वाचत बसायचे. कायद्याचं काही निघालं की चाळ रामजींकडे बघे.

पहिल्या संस्थेतल्या कारकुनाने चष्मा वर केला. "परदेशी शिक्षणाला आम्ही मदत करतो. पण आमच्या संस्थापकांनी लिहून ठेवलंय, आगबोटीचं भाडं द्यावं. विमानाचं नाही."

"विमानं नव्हती हो तेव्हा!"

"त्याला आमचा इलाज नाही."

"आगबोटीने जाईपर्यंत पोरीची जागा जाईल," बाबुराव म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचं बोट कारकुनाच्या नाकापाशी गेलं.

"बोट खाली घ्या."

"जात नाही खाली!"

"धमकी देताय?"

रामजींनी त्यांना दंडाला धरून जिना उतरवला.

दुसऱ्या संस्थेत माणूस गोड होता. चहा पाजला. फक्त एक जामीन हवा म्हणाला, कायम नोकरीतला.

"मी आहे की," बाबुराव ताठ बसले. "तेवीस वर्षं एकाच गिरणीत."

"वा! गिरणी चालू आहे ना?"

बाबुरावांनी रामजींकडे पाहिलं. रामजींनी पंख्याकडे पाहिलं. "संप चालू आहे," बाबुराव म्हणाले.

चहा संपवून दोघे निघाले. परतीच्या वाटेवर रामजी एवढंच म्हणाले, "बाबुराव, आपण चाळीतली माणसं. आपल्याला जे येतं ते करू."

आता चाळीला काय येत होतं, ते सांगायला हवं. दर सव्वीस जानेवारीला भानजी चाळीत सत्यनारायण असे. पूजा झाली की प्रसादाचा नारळ, केळीचा घड, फळं यांचा लिलाव. लिलावात घेतलेल्या वस्तूचे पैसे द्यायचे ते पुढल्या वर्षीच्या पूजेला, अशी वाडवडिलांपासून रीत. देवाचे पैसे कुणी बुडवत नसे, पण आजच्या आज देतही नसे. या एका सोयीमुळे संपाच्या चार वर्षांतही भानजी चाळीत नारळाचा भाव कधी पडला नाही. खिशात विडीला पैसे नसलेला माणूस एका नारळासाठी राजासारखा बोली करी, टाळ्या घेई आणि वर्षभर उजळ माथ्याने हिंडे. ही रीत सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती रीत आहे हेच कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. श्वास घेताना कुणी नाक आठवतं का?

चाळीची बैठक भरली. अध्यक्ष नाना, पोस्टातून निवृत्त झालेले मालवणकडचे गृहस्थ. पोस्टात असताना त्यांनी जपानच्या पत्रांवर शिक्के मारले होते, म्हणून जपानविषयी शेवटचा शब्द त्यांचा.

"जपानात भूकंप होतत," नाना म्हणाले. "चेडवाक, गुणवंतीक, लोखंडी पेटी देवा, खालती बसाक."

"तिथं म्हणे मासे कच्चे खातात," वरच्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी भर घातली. शेवंता दारात पाटी घेऊन उभी होती. तिने कपाळावर हात मारला.

"कच्ची? आनि माझी पोर थयं वरीस काढनार? बाय गं, चुलीला लाकूड नाय काय त्यांच्याकडं?" मग जरा विचार करून म्हणाली, "पन मासली ताजी असंल. कच्ची खायाची म्हंजे शिली चालनारच नाय." आणि जपानविषयीचं तिचं मत तिथल्या तिथे सुधारलं.

ठरलं ते असं : यंदाचा सगळा लिलाव गुणवंतीच्या विमानाला. प्रश्न एकच उरला. दर वर्षी लिलाव बोलत ते नाना, आणि थंडीने नानांचा घसा बसला होता. तेव्हा शेवंता म्हणाली, "माझी आत्या हाय ना. सोनूबाई. भाऊच्या धक्क्यावर मासलीचा लिलाव बोलते. तिचा आवाज समिंदरात बोटीवर आयकाला जातो."

बाबुरावांना हे इतकं पसंत पडलं की त्यांनी सोनूबाईला तर बोलावलंच, वर कोळीवाड्यातल्या सगळ्या बायकांना आग्रहाचं आमंत्रण दिलं. चाळीच्या लिलावाची रीत त्यांना सांगावी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. सांगायचं काय त्यात? लिलाव म्हणजे लिलाव.

धक्क्यावर लिलाव कसा चालतो हे बाबुरावांना ठाऊक नव्हतं. तिथे कोणी ओरडून बोली करत नाही. बोट वर केलं की बोली वाढली. बोट खाली गेलं की माणूस बाजूला झाला. आणि पैसे तिथल्या तिथे.

रविवारी पूजा आटोपली आणि दुपारी चाळीच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. कोळणी आल्या त्या अंगावर सोनं, डोक्यात अबोलीचे गजरे अशा थाटात. त्यांनी जिन्याजवळची आणि फाटकाजवळची जागा धरली. सोनूबाई खुर्चीवर चढली. वय साठीच्या पुढचं, पण खुर्चीनेच कुरकुर केली, तिने नाही.

बाबुराव चाळीचे चिटणीस म्हणून अगदी पुढे बसले होते. दिवसभर धावपळ झालेली, हाताला ठणका लागलेला. डॉक्टरांचा हुकूम त्यांना आठवला. त्यांनी उजवं कोपर डाव्या तळहातावर टेकवलं आणि हात छातीच्या वर उंच धरला. तर्जनी आपली सरळ आकाशाकडे.

"केलीचा घड!" सोनूबाई गरजली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी भाव बोललं. सोनूबाईने पुढे पाहिलं. बाबुरावांचं बोट वर. "भावनी वाढवला!" मागून रामजी म्हणाले, "काही झालं तरी केळी मला हवीत," आणि बोली केली. बोट वरच. "भाव सोडत नाय!" रामजींनी पुन्हा वाढवलं. भाव असा चढला की केळी बसरईची आहेत की सोन्याची, असा प्रश्न पडावा. शेवटी बाबुरावांना नाकाला खाज सुटली, त्यांनी हात खाली घेतला आणि घड रामजींना गेला.

बाबुरावांना यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. सोनूबाईच्या बोलीत 'भाव' म्हणजे भाऊ, पण ती केळ्यांच्या दराबद्दल बोलतेय असं धरून ते चालले होते. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की चाळ आज पेटून उठली आहे. त्यांचा ऊर भरून आला. प्रत्येक बोलीला ते आनंदाने मान डोलवत आणि सोनूबाईला वाटे, गडी पक्का आहे. संत्री, डाळिंबं, कलशावरचा खण, सगळं दर वर्षीच्या चौपट गेलं. बाबुरावांचा हात अवघडून खाली आला की वस्तू समोरच्याला जाई. चाळीतले वीर मागे हटेनात. हटायचं कारणही नव्हतं. पुढलं वर्ष फार लांब होतं.

"मालन, बघ," बाबुराव बायकोकडे वळून म्हणाले, "माणसं चांगली आहेत गं आपली."

"चांगली आहेत," मालनबाई म्हणाल्या, "पण आज प्यायली आहेत की काय?"

शेवटी नारळ आला. मानाचा. नानांनी बसक्या घशाने बोली केली, हरेश्वर दूधवाल्याने वर केली, नानांनी पुन्हा. मग हरेश्वर थांबला, नानाही थांबले. पण बोट थांबलं नव्हतं.

"एक वार! दोन वार! तीन वार! नारल बाबुरावभावचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबुरावांनीही जोरात टाळ्या वाजवल्या आणि कोण हा दिलदार बाबुराव, म्हणून मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मी?"

"तुमीच की. सुरवातीपासून बोट वर."

"अहो बाई, हे वाकत नाही! डॉक्टरांनी हात वर ठेवायला सांगितलाय!"

"ते मना ठाव नाय," सोनूबाई म्हणाली. "धक्क्यावर बोट म्हंजे जबान." मग तिने पदर खोचला आणि सगळ्या सभेवर नजर फिरवली. "चला, आता एकेकानी पैसं आना."

पटांगणात जी शांतता पसरली, तशी गिरण्यांचे भोंगे बंद पडल्या दिवशीही पसरली नव्हती.

"पैसे?" नाना चाचरत म्हणाले. "ते... पुढल्या वर्षी."

"पुडल्या वर्षी?" सोनूबाईने असा चेहरा केला की जणू कुणी तिला गेल्या वर्षीचा पापलेट दाखवला. "मासली आनि पैसा, दोनी शिलं चालत नाय. पोर विमानात बसनार एप्रिलला. विमानवाल्याला काय सांगू, पुडल्या वर्षी ये?"

जिन्याजवळच्या कोळणी जरा जवळ जवळ सरकल्या. फाटकाजवळच्याही. दोन्ही वाटा बंद झाल्या.

गुणवंती एका कडेला उभी होती, चेहरा पडलेला. "काका, राहू दे," ती हळूच म्हणाली. "नाही जात मी. माझ्यापायी चाळीला त्रास नको."

बाबुरावांनी तिच्याकडे पाहिलं. खडूने बाराखडी गिरवणारी पोर. चूक तर त्यांचीच होती. सोनूबाईला त्यांनी बोलावलं, रीत त्यांनी सांगितली नाही, आणि बोटही त्यांचंच. ते उठले आणि जिना चढले. चाळीला वाटलं, चिटणीस पळाले.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या काखेत लाल खोळीतला पखवाज होता. रात्रीच्या चपात्यांसाठी मघाशीच वर गेलेल्या मालनबाई पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"सोनूबाई," बाबुराव म्हणाले, "रोख नाही माझ्याकडे. हा विका. जे येईल ते नारळाचं."

सोनूबाईने खोळ काढली. शिसवी खोड, वाद्या अजून ताठ. तिने बोटाने हलकेच टिचकी मारली आणि नाद असा घुमला की गॅलरीतली कबुतरं उडाली. लिलाव बोलणाऱ्या बाईला चांगला माल कळतो. "बोला गं," ती कोळणींकडे वळली, "आनि लाजू नका."

कोळणींची बोटं वर गेली. एकीवर एक. शेवटी एकच बोट उरलं, शेवंताचं. तिने कमरेची पिशवी काढली आणि खुर्चीवर रिकामी केली.

"अगं, वाजवनार कोन?" सोनूबाईने विचारलं.

"वाजवनारा हाय की," शेवंताने बाबुरावांकडे हनुवटी केली. "माझी पोर शिकून आली का त्याचं बोट वाकवंल. तवर आमच्या घरी ऱ्हाईल. मासलीचा वास लागला तर लागू दे."

यानंतर चाळीला गप्प बसणं शक्यच नव्हतं. अब्रूचा प्रश्न होता. नाना वर गेले आणि टोल्यांचं घड्याळ घेऊन आले. "ह्या विका. पण उलटा धरू नकात, बंद पडता." रामजींनी रेडिओ आणला, कमलाबाईंनी पितळी घंगाळ, हरेश्वरने दुधाचा हंडा. हंडा उद्या सकाळी लागणार होता हे त्याला नंतर आठवलं. सोनूबाई एकेक वस्तू बोलत गेली, कोळणी रोख मोजत गेल्या. आपल्याच घंगाळासाठी कमलाबाईंनी दोनदा बोट वर केलं. त्यांना कसंबसं आवरावं लागलं.

"अगं, विकतेस का घेतेस?"

"सवय नाही हो विकायची," कमलाबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला चाळीचा अर्धा संसार हातगाडीवर चढून शिवडीला निघाला. वर नानांचं घड्याळ, सरळ धरलेलं. तिकिटाची सोय झाली होती. त्यावर कोळणींनी आनंदाने फेर धरला आणि मालनबाईंनी वीस माणसांच्या जेवणात साठ माणसं कशी बसवली, ते त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नाही.

मार्चअखेर गुणवंती गेली. शेवंताने तिच्या बॅगेत पाटीभर सुके बोंबील आणि जवळा भरला. विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "हे काय आहे?" "माझी आई," गुणवंती म्हणाली आणि रडायला लागली. त्याने बॅग बंद करून घाईघाईने पुढे सोडली. मागाहून तिचं पत्र आलं, जपानी म्हाताऱ्या सर्जननी जवळा चाखला आणि अजून आहे का म्हणून विचारलं. शेवंताने जपानला मनातल्या मनात कोळीवाड्यात घेतलं ते तेव्हा.

चाळीने आपापल्या वस्तू हळूहळू सोडवून आणल्या. सगळ्यात उशीर लागला नानांना. त्यांचं घड्याळ दिवाळीपर्यंत शिवडीत टोले देत राहिलं, आणि परत आलं तेव्हा भरतीओहोटीच्या वेळेला आपोआप बंद पडू लागलं, असं नाना शेवटपर्यंत सांगत. पखवाज मात्र शेवंताकडेच राहिला.

गुणवंती वर्षाने परतली. पहिली शस्त्रक्रिया केली ती बाबुरावांच्या बोटाची. ते वाकायला पावसाळा उजाडला. त्या नारळी पौर्णिमेला शिवडीच्या किनाऱ्यावर बाबुराव मांडी घालून बसले. शेवंताने खोळ काढली. पहिली थाप पडली, मग दुसरी, मग बोटाने बोल उचलला, आणि मालनबाई, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलायचं असे, काहीच बोलल्या नाहीत.

आता त्यातलं फारसं कुणी उरलेलं नाही. नाना घड्याळाआधी गेले. रामजींनी युनिव्हर्सिटीतली शिपायाची नोकरी सांभाळून वयाच्या पन्नाशीत रात्रीच्या कॉलेजातून बी. ए. केलं आणि केळी आयुष्यभर भाव करून घेतली. कमलाबाईंचं घंगाळ सुनेने गॅलरीत तुळशीला दिलं. मालनबाईंच्या खानावळीवर दोन नाती शिकल्या, एक आज गुणवंतीच्याच हाताखाली आहे. शेवंताने बाजार सोडला तो पाय थकल्यावर. लेकीच्या घरच्या फ्रिजला ती मरेपर्यंत 'शिल्याचं कपाट' म्हणत राहिली. भानजी चाळीच्या जागी टॉवर आहे आणि त्याच्या हॉलमध्ये सव्वीस जानेवारीची पूजा अजून होते. लिलावही होतो, रोखीचा. गुणवंती दर वर्षी हाताच्या शस्त्रक्रियेतला एक तरुण डॉक्टर निवडते, मुलगा असो की मुलगी, आणि त्याचं परदेशचं विमान त्या नारळावर उडतं. असे कितीतरी गेले आणि परतले.

बाबुराव होते तोवर दर वर्षी पुढच्या सतरंजीवर बसत. एरवी पखवाजावर नाचणारं त्यांचं बोट त्या दिवशी, मानाचा नारळ आला की, पुन्हा ताठ होऊन आकाशाकडे जाई. सोनूबाई पुढे पुढे काठी टेकत यायची, पण खुर्चीवरून खाली वाकून विचारायची, "भाव, बोट तर बरं झालं ना? मग?"

"डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे," बाबुराव म्हणायचे. "हात उंच ठेवायचा. विसरायचं नाही."